आयसीयूच्या दारात डॉक्टर काय म्हणतात आणि घरच्यांना काय ऐकू येतं

सकाळी साडेअकराच्या सुमारास डॉक्टर राउंड संपवून बाहेर आले, दारातच उभे राहून म्हणाले, "पेशंट स्टेबल आहे. बघू या," आणि लिफ्टकडे गेले. बाकड्यावरची पाच-सहा माणसं उठून उभी राहिली होती, ती तशीच उभी. थोरल्या मुलाने लगेच हैदराबादच्या आत्याला फोन लावला, "पप्पा बरे आहेत म्हणालेत डॉक्टर. गडबड करू नका, रविवारी निवांत या." आत्या रविवारी आली. तिचा भाऊ शुक्रवारी रात्रीच गेला होता.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते आणि मुलानेही पदरचं काही घातलं नव्हतं. घोळ त्या एका शब्दात होता. आयसीयूत 'स्टेबल' म्हणजे कालपासून आकडे हललेले नाहीत. बीपी तेवढंच आहे, पण ते औषधाने धरून ठेवलेलं. ऑक्सिजन तेवढाच आहे, पण मशीनने दिलेला. गेलेला माणूस सोलापूरच्या पूर्व भागातल्या कापड कारखान्यात मागावर विणकर होता, म्हणून त्याच्या भाषेत सांगायचं तर धागा अजून तुटलेला नाही, पण ताण कालच्याइतकाच आहे. घरचे मात्र 'स्टेबल' ऐकून 'धोका टळला' समजतात. मीही बाहेरची असते तर तेच समजले असते.

मी सतरा वर्षं सोलापुरात आयसीयूची सिस्टर आहे. डॉक्टर बोलून गेले की लोक माझ्याकडे वळतात, "सिस्टर, डॉक्टर काय म्हणाले ओ?" दोन मिनिटांपूर्वी डॉक्टर त्यांच्याशीच बोललेले असतात. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. प्राध्यापक विचारतात, वकील विचारतात, एकदा तर दुसऱ्या गावचे एक डॉक्टर स्वतःच्या वडिलांबद्दल विचारत होते. फ्रान्समधल्या एका आयसीयूत २००० साली याचा रीतसर अभ्यास झाला. १०२ पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टर भेटून गेल्यावर विचारलं, तर ५४ टक्के प्रकरणांत नातेवाइकाला आजार काय, उपचार कोणते किंवा पुढे काय होणार हे नीट कळलेलं नव्हतं. ही फ्रान्सची गोष्ट, जिथे डॉक्टर आणि बहुतेक नातेवाईक एकच भाषा बोलतात. आमच्याकडे डॉक्टर मराठीत इंग्रजी मिसळून बोलणार, पेशंटची बायको घरी तेलुगू बोलणार, सासू कर्नाटकातल्या इंडीकडची म्हणून कन्नड, आणि शेजारच्या बेडचं कुटुंब उर्दूत रडणार.

त्यामुळे आधी शब्दांचं बघू. सगळ्यात जास्त घोळ 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' घालतात. "ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलंय" याचा अर्थ रक्तात जंतू सापडले, म्हणजे बातमी वाईट. एक जावई हे ऐकून थेट सिद्धेश्वराला नारळ फोडून आले आणि प्रसाद माझ्या हातावर ठेवला. तो हातात घेऊन मी काय बोलणार? 'रिस्पॉन्स देतोय' हे दुसरं. डॉक्टरांच्या लेखी बीपीचं औषध ताशी दहा मिलिवरून आठवर आलं तरी तो रिस्पॉन्स असतो. घरच्यांना वाटतं, डोळे उघडले, हाक मारली तर 'ओ' दिली. आणि 'सिरियस' हा शब्द तर वापरून वापरून गुळगुळीत झालाय. दाखल करतानाच्या फॉर्मवर सिरियस, सही घेताना सिरियस, रोज सकाळी सिरियस. ज्या दिवशी खरोखर शेवटाकडे चाललंय, त्या दिवशी डॉक्टरांकडे वेगळा शब्दच उरत नाही. मग ते म्हणतात, "काहीही होऊ शकतं." या 'काहीही'मध्ये बरं होणंही बसतं, आणि घरचे तेच उचलतात.

माझं मत विचाराल तर अशा वेळी डॉक्टरांनी 'मृत्यू' हा शब्द स्पष्ट उच्चारावा. "आमचे प्रयत्न चालू आहेत, पण यात त्यांचा मृत्यू होईल अशी आम्हाला भीती वाटते." वाक्य जड आहे, पण त्याचे दोन अर्थ निघत नाहीत. हे वाक्य ऐकलेल्या मुलाने आत्याला त्याच रात्री निघायला सांगितलं असतं.

आता आत काय चालतं ते. बाहेर बसलेल्यांची निम्मी भीती न दिसणाऱ्या गोष्टींची असते आणि उरलेली निम्मी पाच मिनिटं आत जाऊन जे दिसतं त्याची.

व्हेंटिलेटर हे हवा ढकलणारं यंत्र आहे, बस. तोंडातल्या नळीवाटे ते फुप्फुसात हवा आणि ऑक्सिजन भरतं. हृदय ते चालवत नाही. म्हणून 'मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटर लावून चार दिवस बिल वाढवलं' ही जी गोष्ट चहाच्या प्रत्येक टपरीवर ऐकायला मिळते, ती शरीराच्या हिशेबात बसत नाही. हृदय थांबल्यावर मशीन छाती वर-खाली करत राहील, पण रक्त फिरणार नाही. काही तासांत अंग गार पडेल, मग ताठेल. हात धरला तरी कुणालाही कळेल. शंका असेल तर भांडण न करता आत जाऊन हात धरायची परवानगी मागा, ती मिळायला हवी.

यात एक अवघड जागा आहे, ती लपवत नाही. मेंदू पूर्ण मृत झाला, पण हृदय अजून चालू आहे, असं होऊ शकतं. डोक्याच्या मोठ्या इजेत किंवा मेंदूतल्या रक्तस्रावात हे घडतं. अंग गरम, छाती हलतेय, मॉनिटरवर ठोके, आणि डॉक्टर म्हणतात, माणूस गेला. घरच्यांच्या डोळ्यांना हे पटूच शकत नाही. अवयवदानाच्या १९९४च्या कायद्यात या मृत्यूची व्याख्या आहे. चार डॉक्टरांचं मंडळ आणि निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, एवढं झाल्याशिवाय त्या कायद्याखाली ब्रेन डेड जाहीर करता येत नाही. अशा वेळी "व्हेंटिलेटरमुळे जिवंत आहेत" असं कुणी सहज बोलून गेलं की सगळा विचका होतो. मग घरचे म्हणतात, जिवंत आहेत ना, मग राहू द्या.

बांधलेल्या हातांवरून सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. "आमच्या माणसाला गुरासारखं बांधलंय!" आयसीयूत पेशंटला भ्रम होतो. दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर माणसं दिसतात, सिस्टर विष देतेय असं वाटतं. हे वेड नाही, आजारामुळे आणि औषधांमुळे मेंदू तात्पुरता गोंधळलेला असतो. बहुतेकांचा गोंधळ उतरतो, म्हाताऱ्यांचा जरा जास्त रेंगाळतो. अशा अवस्थेत पेशंट घशातली नळी उपसतो, आणि ती उपसली की आमच्या हातात काही मिनिटं असतात. म्हणून मऊ पट्ट्या, त्याही गरजेपुरत्या आणि मधूनमधून सोडायच्या. खरं तर घरचं माणूस शेजारी बसून "मी आहे, हे हॉस्पिटल आहे, आज मंगळवार आहे" असं म्हणत राहिलं तर पट्टीची गरज कमी पडते. चष्मा आणि कानाचं मशीन घरीच राहिलेलं असतं, तेही आणून द्या. चष्मा डोळ्यावर चढताच निम्मे 'भ्रमिष्ट' आजोबा शहाणे होतात.

गळ्याला भोक पाडणार, हे ऐकून बायका किंचाळतात. त्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर घशाला इजा होते. म्हणून आठवडा-दोन आठवड्यांनीही मशीन लागणार असं दिसलं तर नळी गळ्यातून घालायचा विचार करतात. झोपेचं औषध कमी लागतं, तोंड मोकळं होतं, गरज संपली की नळी काढतात आणि भोक सहसा आपोआप बुजतं. ही शेवटची घंटा नव्हे.

मॉनिटरकडे बघत बसू नका. अलार्म वाजतात ते बरेचदा बोटाचा चिमटा सरकला म्हणून. आकडेच हवे असतील तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. ऑक्सिजन किती लागतोय, बीपीच्या औषधाचा सपोर्ट किती आहे, लघवी किती होतेय, शुद्ध कितपत आहे. आणि प्रत्येकापुढे एकच जोडा: "कालच्यापेक्षा?" साठ किलोच्या माणसाला ताशी साधारण तीस मिलि लघवी व्हावी अशी आमची अपेक्षा असते. पण तीस की पंचवीस यापेक्षा काल चाळीस होती आणि आज दहा आहे, हे जास्त बोलतं. आयसीयूत आकड्याला एकट्याने फारसा अर्थ नसतो.

यावरून टक्क्यांकडे येते. "वाचायचे किती टक्के चान्स आहेत, साहेब?" हा प्रश्न रोजचा. डॉक्टर टाळतात किंवा "फिफ्टी-फिफ्टी" म्हणतात. फिफ्टी-फिफ्टी हे उत्तर बहुतेक वेळा 'मला माहीत नाही'चं सभ्य रूप असतं. समजा डॉक्टर तीस टक्के म्हणाले. त्याचा अर्थ, असे शंभर पेशंट घेतले तर तीस घरी जातात. तुमचा माणूस त्या तिसांतला की सत्तरांतला, हे आजार किती गंभीर ते मोजणारा कोणताही स्कोअर सांगू शकत नाही. त्यापेक्षा असं विचारा: सगळं चांगलं झालं तर पंधरा दिवसांनी ते कुठे असतील? सगळं बिघडलं तर? आणि तुम्हाला स्वतःला यातलं काय होईल असं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला बरेच डॉक्टर खरं उत्तर देतात, कारण तो प्रश्न त्यांना क्वचितच कुणी विचारतं. 'चांगलं झालं तर'मध्येही नीट ऐका. वाचतील, पण अंथरुणावर, नळीने जेवतील, माणसं ओळखणार नाहीत, हेसुद्धा काही वेळा डॉक्टरांच्या 'वाचले'मध्ये बसतं. तुमच्या 'वाचले'मध्ये बसतं का?

आमच्याकडे '७२ तास' नावाचा एक मंत्र आहे. ७२ तास काही सांगता येत नाही, म्हणायचं आणि निघून जायचं. नीट वापरला तर हाच मंत्र फार कामाचा आहे. "तीन दिवस पूर्ण जोर लावतो. किडनी सुधारली, सपोर्ट कमी झाला तर पुढे जाऊ. उलटं झालं तर शुक्रवारी चार वाजता परत बसू आणि वेगळं बोलू." असं ठरवलं की घरच्यांना वाट बघायला एक ठिकाण मिळतं, आणि शुक्रवारी वाईट बातमी आली तर ती आकाशातून पडत नाही.

बसू, हा शब्द मी मुद्दाम वापरला. दारात उभ्याने सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. पुन्हा फ्रान्सचाच एक अभ्यास आहे, २००७चा. २२ आयसीयू, आणि शेवटाला टेकलेल्या १२६ पेशंटची कुटुंबं. निम्म्या कुटुंबांशी डॉक्टर नेहमीसारखे बोलले, निम्म्यांशी ठरवून वेगळ्या पद्धतीने. घरच्यांच्या म्हणण्याला किंमत द्यायची, रडू आलं तर रडू द्यायचं, ऐकायचं, पेशंट माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं, आणि शेवटी प्रश्न काढून घ्यायचे. बैठक वीस मिनिटांऐवजी तीस मिनिटांची झाली. जास्तीची फक्त दहा मिनिटं! पण त्यात घरचे पाचऐवजी चौदा मिनिटं बोलले. नव्वद दिवसांनी फोन करून विचारलं, तेव्हा झोप उडणं, तेच ते डोळ्यासमोर येणं, दचकणं अशा आघाताच्या खुणा नेहमीच्या गटात ६९ टक्के लोकांत होत्या, दुसऱ्या गटात ४५ टक्के. पेशंट दोन्हीकडचे गेलेच. फरक पडला तो मागे राहिलेल्यांना.

अमेरिकेत सिएटलच्या आयसीयूंमधल्या अशा बैठका टेप करून मोजल्या, तर ७१ टक्के वेळ डॉक्टर-नर्स बोलत होत्या आणि २९ टक्के घरचे. घरच्यांचा वाटा जिथे जास्त, तिथे ते जास्त समाधानी. आमच्या दारात मोजलं तर घरच्यांचा वाटा "हां साहेब, हां साहेब" एवढाच भरेल.

डॉक्टर मंडळींना दहा मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे. एका डॉक्टरकडे बारा बेड असतात आणि ओपीडीत रांग. पण खुर्ची ओढून बसलेला डॉक्टर पाच मिनिटं थांबला तरी लोकांना ती पंधरा वाटतात, हे मी पाहिलंय. आमच्याकडचे एक डॉक्टर बोलायला सुरुवातच "तुम्हाला आतापर्यंत काय काय समजलंय?" अशी करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, परीक्षा घेतायत. मग लक्षात आलं, मुलगा म्हणतो "पप्पांना न्यूमोनिया झालाय, अँटिबायोटिक चालूय, दोन दिवसांत वॉर्डात आणणार," आणि डॉक्टरांना कळतं की आपण आणि हे लोक दोन वेगळ्या गावांत आहोत. मग आधी तिकडे जाऊन यांना घेऊन यावं लागतं. वाईट बातमी सांगितल्यावर तेच डॉक्टर गप्प बसतात, चांगलं अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात आम्हाला फार अवघडतं, कुणीतरी पाणी आणायला उठतं. पण नंतर येणारा प्रश्न बहुधा खरा असतो.

सोलापूरची म्हणून एक खास अडचण आहे. ती पाहिली नसती तर माझा विश्वास बसला नसता.

माझ्या घरी तेलुगू बोलतात. शाळा मराठी, त्यामुळे माझ्या बोलण्यावरून कुणाला कळत नाही. एकदा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक बाई, नवरा व्हेंटिलेटरवर. तिला मराठी कामापुरतं येतं, म्हणून पुतण्या मध्ये उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या बंद झाल्यात, बीपी औषधांनीही धरत नाहीये. आज-उद्या काहीही होईल, जवळच्यांना बोलावून घ्या." पुतण्याने तेलुगूत सांगितलं, "काकी, किडनीला थोडं इन्फेक्शन आहे. मोठ्या डॉक्टरांनी औषध बदललंय. भयपडकु." घाबरू नको. काकीने मान हलवली. डॉक्टरांना वाटलं, कळलं.

मी त्या पोराला जिन्यात गाठलं. तो रडत होता. म्हणाला, "कसं सांगू, सिस्टर? तिने दोन दिवस काही खाल्लं नाही." त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. भाषांतर करायला उभा केलेला नातेवाईक दोन ओझी घेऊन उभा असतो, डॉक्टरांचं वाक्य आणि समोरच्या माणसाचं काळीज. तो वाक्य हलकं करतोच. त्यानंतर मी आमच्या डॉक्टरांना एवढंच सांगितलं, तेलुगू असेल तर मला हाक मारा, कन्नड असेल तर आमच्या अक्कलकोटच्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला. बातमी बाहेरच्या माणसाने सांगावी आणि घरच्याने खांदा द्यावा. दोन्ही कामं एकाकडून होत नाहीत.

घरच्यांच्या बाजूनेही एक शिस्त हवी. बोलायला एक माणूस ठरवा, फार तर दोन. सकाळी मुलगा, दुपारी जावई, संध्याकाळी मेहुणा, प्रत्येक जण पहिल्यापासून विचारतो, तीन डॉक्टर तीन शब्द वापरतात, आणि रात्री बाकड्यावर भांडण, "मला वेगळंच सांगितलंय!" आणि पाचव्या दिवशी पुण्याचे भाऊ येतात. पाच दिवस आले नाहीत याची टोचणी असते, ती आवाजातून बाहेर पडते. "इथे काही सोय नाही, मी उद्याच पुण्याला हलवतो." बाकड्यावर रात्री काढलेल्या वहिनीने ठरवलेलं सगळं एका वाक्यात उधळतं. अशा भाऊंना मी आता आधी आत नेते, हात धरायला लावते, आणि मग डॉक्टरांसमोर बसवते. आवाज बराच खाली येतो.

पैशाचं बोलणं वेगळं ठेवा, वेगळ्या माणसाशी, वेगळ्या खोलीत. जी व्यक्ती "वाचणार नाहीत" म्हणते तिनेच "डिपॉझिट भरा" म्हटलं की पहिल्या वाक्यावरचा विश्वास उडतो. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर तिथे योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जा. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर उशीर होतो. केसपेपरची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे, मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी असा २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायलाही कुणाची परवानगी लागत नाही. चांगला डॉक्टर त्यावर रुसत नाही. आणि बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. उलट बाजूही सांगते, डॉक्टर-सिस्टरवर हात उचलणं २०१०च्या राज्याच्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. एका रात्री काच फुटली होती, तिचा तुकडा माझ्या चपलेत होता. ती काचसुद्धा 'स्टेबल' याच शब्दावरून फुटली होती.

चूक माझीही झालीय. आमच्या पहिल्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, पेशंटच्या तब्येतीचं काही बोलायचं नाही, "डॉक्टरांना विचारा" म्हणायचं. एकदा एका मुलीचा चेहरा बघवेना, म्हणून मी म्हटलं, "आज ताप उतरलाय, बरं वाटतंय." ताप उतरलाच होता. पण अंग थंड पडत चाललं होतं, ते मला तेव्हा नीट दिसलं नाही. संध्याकाळी तिची आई गेली. मुलगी मला काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघून गेली. तेव्हापासून मी 'बरं' हा शब्द वापरत नाही. "ताप उतरलाय. त्याचा अर्थ डॉक्टर सांगतील, मी त्यांना बोलावते," एवढंच, आणि खरोखर बोलावते.

आता घरी नेण्याचं. आमच्या भागात खूप लोकांची इच्छा असते की प्राण घरात जावा. मंगळवेढ्याचे असोत की तुळजापूरचे, शेवट जवळ आला की म्हातारी माणसं म्हणतात, "घरी न्या." हॉस्पिटलात त्यासाठी एक फॉर्म असतो, 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत'. त्यावर सही करताना मुलाला वाटतं, आपण बापाला मारतोय. कित्येकदा तो डॉक्टरांच्या मनाविरुद्ध काहीच करत नसतो. उपचाराचा उपयोग उरलेला नाही हे डॉक्टरांनाही माहीत असतं, फक्त ते बोललं गेलेलं नसतं. ते बोललं गेलं तर घरी नेताना वेदनेचं औषध देता येतं, दम लागला तर काय करायचं ते शिकवता येतं, रस्त्यात काय होऊ शकतं ते सांगता येतं. न बोलता नेलं तर माणूस रिक्षात तडफडतो.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो की अशी वेळ आली तर मला मशीनवर ठेवू नका. त्यावर दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. लिहिलेलं नसेल तर घरच्यांची संमती आणि डॉक्टरांची दोन मंडळं, एक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसह आणि दुसरं बाहेरच्या प्रतिनिधीसह, मिळून कृत्रिम उपचार थांबवण्याचं ठरवू शकतात. कागदावर हे सरळ आहे, पण आमच्याकडे अजून फार थोड्या ठिकाणी रुळलंय. मात्र घरच्यांना विचारायचा प्रश्न कायद्याशिवायही बदलता येतो. "व्हेंटिलेटर काढायचा का?" असं मुलाला विचारणं क्रूर आहे. "तुमचे वडील आत्ता इथे उभे राहून सगळं बघत असते, तर काय म्हणाले असते?" असं विचारलं की मुलगा एकदम बोलायला लागतो. निर्णयाचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरून जिथे असायला हवं तिथे, वडिलांकडे जातं.

विडी घरकुलातल्या त्या काकीला मी जिन्यातून वर आल्यावर बाजूला बसवलं आणि तेलुगूत सगळं सांगितलं, किडनी, बीपी, आज किंवा उद्या. ती रडली नाही. म्हणाली, पोराचा चेहरा बघून सकाळीच कळलं होतं, पण पोराला वाईट वाटेल म्हणून मान हलवली. मग तिने पिशवीतून घडी घातलेली चादर काढली, लाल-काळ्या मोराची, त्याने स्वतःच्या मागावर विणलेली. आयसीयूत बाहेरचं कापड चालत नाही, हे तिला आधीच्या दोन दिवसांत दोनदा सांगून झालं होतं. ती रोज विचारत होती, त्यांना थंडी वाजते का. आणि आम्ही तिघी सिस्टर रोज 'चादर आत चालत नाही' एवढंच उत्तर देत होतो.

थंडी वाजते का, हे कुणी तपासलंच नव्हतं. मी आत जाऊन पाय चाचपले. गार होते. आमचं एक जादा ब्लँकेट घातलं, बेडवरचा एसीचा झोत वळवला, बाहेर येऊन सांगितलं, "पाय गार होते, पांघरूण घातलंय." मग डॉक्टरांना विचारून चादर स्वच्छ प्लास्टिकमध्ये घालून पायथ्याशी ठेवली. काकी त्या दिवशी पहिल्यांदा कॅन्टीनमध्ये गेली आणि पुतण्याला घेऊन अर्धी भाकरी खाल्ली.